शाई आणि दम



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते दिवसा शाळेत चित्रकला शिकवत आणि संध्याकाळी भजनाला पेटीवर बसत, असं अध्यक्षांनी आत्ता सांगितलं. त्यांनी माझं काम सोपं केलं. अक्षर आणि गाणं या दोन गोष्टी एकाच व्याख्यानात का कोंबता, असं आता मला कुणी विचारणार नाही. एका माणसाच्या एका दिवसात त्या मावत होत्या, तर तासाभराच्या भाषणात मावायला हरकत नसावी.

माझा व्यवसाय अक्षरांचा. गाण्याचा मी नुसता श्रोता, तोही मागे खांबाला टेकून ऐकणारा. आणि मिरजेत येऊन गाण्यावर बोलायचं! ज्या गावात अब्दुल करीम खाँसाहेब राहिले आणि जिथे त्यांची कबर आहे, जिथे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे विष्णु दिगंबर पलुसकर शिकले, तिथे उचलली जीभ लावली टाळ्याला असं करून चालत नाही. म्हणून गाण्याबद्दल जे बोलेन ते अक्षराच्या बाजूने बोलेन. चुकलो तर पहिल्या रांगेतली मंडळी भुवया उंचावतीलच.

प्रश्न साधा आहे. कलावंत घडतो, असं आपण म्हणतो. म्हणजे त्याचं नेमकं काय घडतं? हात? गळा? वर्षानुवर्षं घोटून हात वळणदार होतो, गळा फिरायला लागतो, हे खरंच. पण वळणदार हाताची माणसं प्रत्येक कचेरीत असायची आणि फिरत्या गळ्याची प्रत्येक भजनी मंडळात असतात. मग उरलेलं काय असतं? त्याचा शोध घेऊ. उत्तर सापडलं तर ठीक, नाही तर चहा आहेच.

सुरुवात हत्यारापासून करतो, कारण या गावाची सुरुवात तिथूनच झाली. मिरजेतली तंतुवाद्यं करणारी घराणी मूळची शिकलगारांची, शस्त्रांना धार लावणाऱ्यांची. लढाया संपल्या, संस्थानी शांतता आली, तलवारीला गिऱ्हाईक उरलं नाही. तेव्हा एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेब शिकलगारांसारख्या कारागिरांनी हात सतारीकडे आणि तंबोऱ्याकडे वळवला. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. अभिनंदन. पण मला कौतुक वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. धार लावणाऱ्या माणसाचं सगळं कसब किती घासायचं आणि कुठे थांबायचं यात असतं. तेच कसब घोडीवर, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या पट्टीवर, आलं.

जवारी लावताना, म्हणजे घोडी घासून तारेचा झंकार जुळवताना, ज्यांनी पाहिलं असेल त्यांना हे ठाऊक आहे. घोडीचा माथा आपल्याला सपाट दिसतो, पण त्याला अगदी हलका उतार असतो. कारागीर तार बाजूला करतो, कानस दोनदा फिरवतो, तार पुन्हा बसवतो, छेडतो, मान तिरकी करून ऐकतो. परत तार बाजूला. परत कानस. मग तारेखाली सुती धागा सरकवत नेतो. एका जागी तोवर मुका असलेला स्वर एकदम उघडतो, त्याच्यातून दुसरे स्वर फुटायला लागतात. केसभर पुढे सरकवा, पुन्हा मुका. आणि घोडी जास्त घासली गेली तर? घासलेलं परत लावता येत नाही. कुठे थांबायचं हे त्याला कोण सांगतं? मोजपट्टी सांगत नाही. कान सांगतो, आणि तोही अशा कारागिराचा, जो स्वतः मैफलीत गाणारा नाही.

बोरूचं हेच. वाळलेला बोरू घ्यायचा, चाकूने एका अंगाने उतार काढायचा, मधोमध बारीक चीर द्यायची आणि टोक तिरकं छाटायचं. तिरकं कुठल्या बाजूला? रोमन लिपीसाठी ज्या बाजूला छाटतात, त्याच्या बरोबर उलट. इंग्रजी सुलेखनाची निब घेऊन कुणी देवनागरी लिहायला बसला की अक्षराचं जाड अंग नको तिथे येतं आणि बारीक अंग भलतीकडे जातं. सामान्य वाचकाला यातलं काहीच सांगता येत नाही. तो एवढंच म्हणतो, अक्षर छान आहे हो, पण काहीतरी परकं वाटतंय. त्याने बोरू हातात धरलेला नसतो, तरीही त्या छाटणीचा कोन त्याच्या डोळ्यांत बसलेला असतो. आपल्या डोळ्यांना किती गोष्टी माहीत असतात, ज्या आपल्याला माहीत नसतात!

आता समर्थांकडे वळतो. दासबोध पुष्कळांच्या घरी आहे. एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास ज्यांनी वाचला असेल त्यांनी हात वर करावेत. बरं, राहू द्या. त्या समासाचं नाव लेखनक्रियानिरूपण. त्यात मोक्षाची गोष्ट नाही, अक्षराची आहे. अक्षर वाटोळं, सरळ, मोकळं असावं. ओळीला ओळ लागू नये. पानाच्या चारी बाजूंना जागा सोडावी, म्हणजे कागदाच्या कडा झडल्या तरी मजकूर झडणार नाही. तरुणपणी डोळे चांगले असतात म्हणून फार बारीक लिहू नये, म्हातारपणी तेच आपल्याला वाचता येणार नाही, म्हणून मध्यम अक्षर काढावं. देशोदेशींचे बोरू जमवावेत. हा सल्ला देणारा माणूस पोथ्या नकलण्याच्या कामात मुरलेला होता, यात मला तरी शंका नाही. पानाच्या कडा सोडण्याचं असं कारण नुसत्या विचारातून सुचत नाही. त्यासाठी झडलेला कागद हातात घेतलेला असावा लागतो.

आणि त्यातली एक अपेक्षा फार कडक आहे. ग्रंथाचं पहिलं अक्षर जसं, तसंच शेवटचं. सगळा ग्रंथ जणू एकाच टाकाने, एका बैठकीत उतरवला आहे असं वाटलं पाहिजे.

ही अपेक्षा कडक का, ते बोरूने लिहिल्याशिवाय कळत नाही. फाउंटन पेनने लिहिणाऱ्याला वाटेल, त्यात काय मोठंसं? बोरूत शाई किती राहते? थोड्याच अक्षरांपुरती. दौतीत बुडवून आणलेलं पहिलं अक्षर काळंभोर आणि किंचित फुगलेलं येतं. मग शाई उतरत जाते, अक्षर कोरडं व्हायला लागतं, कडा खरखरीत होतात. टोक झिजतं, ते पुन्हा छाटावं लागतं, आणि नवी छाटणी जुनीसारखी येतेच असं नाही. हात थकतो. सकाळचा उजेड दुपारी वेगळा होतो. या सगळ्यावर मात करून पहिलं आणि शेवटचं अक्षर सारखं दिसायचं आहे! मग चांगला लेखक काय करतो? शाई संपेपर्यंत थांबत नाही. शाई संपत आली आहे हे अक्षरावर दिसण्याआधी त्याला बोटांत कळतं, आणि तो शब्दाच्या अधेमधे दौतीकडे जात नाही. शब्द पुरा करतो, चरण पुरा करतो, मग बुडवतो. वाचणाऱ्याला बुडवण्याची जागा दिसत नाही.

गाणाऱ्यांना मी काय म्हणतोय ते केव्हाच कळलं असेल. हा दम आहे. तान कुठे घ्यायची हे सगळेच शिकतात. श्वास कुठे घ्यायचा हे शिकायला फार वर्षं जातात. दम संपल्यावर घेतलेला श्वास सगळ्या सभागृहाला ऐकू येतो. दम संपण्याआधी, आकृतीच्या सांध्यात घेतलेला श्वास कुणालाच ऐकू येत नाही आणि ऐकणाऱ्याला वाटतं, हा माणूस श्वासच घेत नाही की काय. जयपूर गायकी ऐकताना हे भान फार येतं. आवर्तनाचा अर्धा भाग व्यापणारी लांबलचक आकृती चाललेली असते आणि ती कुठे तुटली, कुठे जोडली, याचा पत्ता लागत नाही.

अक्षर आणि गाणं यांचं नातं सांगताना लोक पटकन लयीची गोष्ट काढतात. अक्षरांत लय असते, गाण्यात लय असते, झालं नातं! टाळ्या पडतात. पण लय म्हणजे अक्षराच्या नेमक्या कुठल्या भागात? ते दाखवा की. मी दाखवायचा प्रयत्न करतो. कागदावर 'गमपय' असं लिहून पाहा. प्रत्येक अक्षराच्या उजव्या अंगाला उभा दंड आहे. ठराविक अंतराने दंड येत राहतात आणि डोळा त्या अंतरावर चालायला लागतो. हा झाला ठेका. आता त्यात 'ट', 'ठ', 'ड', 'ढ', 'द', 'र', 'ह' येऊ द्या. यांना तसा पूर्ण दंड नाही. डोळा दंडाची वाट पाहतो आणि दंड येत नाही. इथे नवशिका अडखळतो, दोन अक्षरांत खड्डा पडतो, ओळ लंगडते. जाणता माणूस तिथली पांढरी जागा अशी राखतो, की न आलेल्या दंडाचीही मात्रा भरते. तिलवाड्यासारख्या विलंबित तालात गाणारा प्रत्येक मात्रेवर काही म्हणत नाही. पण न म्हटलेल्या मात्राही त्याच्या मनात मोजल्या जात असतात, म्हणून तो समेवर बिनचूक येतो. ओळीचंही तसंच. उजव्या समासाशी येऊन जो अक्षरं चिमटायला लागतो, त्याने ओळीच्या सुरुवातीला शेवट पाहिलेला नसतो.

आणि मोडीत तर आणखी गंमत आहे. बाळबोधीत आपण आधी शब्द लिहितो आणि मग त्यावर शिरोरेघ देतो. मोडी लिहिणारा कारकून आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढायचा आणि मग त्या रेघेखाली अक्षरं लटकवत जायचा. तंबोरा आधी, गाणं नंतर, तसं. त्या रेघेला लागून तो टाक न उचलता चालायचा. दफ्तराचं काम, सरकारची निकड, स्वार दारात उभा. अक्षराला अक्षर जोडत, कोपरे वळवून घेत गेल्याशिवाय पत्र वेळेत पुरं होणार कसं? मोडीची ती गोलाई, त्या गाठी आणि वेलांट्यांचे झोके या घाईतून आले. ही गोष्ट ध्यानात ठेवा, तिच्याकडे मला परत यायचं आहे.

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. तो थोडा अप्रिय आहे.

माझ्याकडे शिकायला येणारी मुलं हुशार असतात. दोन दिवसांच्या कार्यशाळेत ब्रश, बोरू, बांबूची चिपाटी, सगळं हाताळतात. तिसऱ्या दिवशी विचारतात, सर, माझी स्वतःची शैली कधी तयार होईल? मी त्यांना एक वाक्य लिहायला सांगतो: 'उद्या दुपारी चार वाजता सभा आहे.' बस. 'श्री' नको, 'गणेश' नको, 'ॐ' नको. 'श्री' हे अक्षर फार दयाळू आहे, त्याला कसंही वळवा, ते शोभतं. पण 'उद्या दुपारी चार वाजता सभा आहे' या वाक्यावर फराटे मारता येत नाहीत. मारले तर लोक सभेला येणार नाहीत. त्या साध्या वाक्यात मुलं घामाघूम होतात. 'द्या' पुढे काय करायचं, 'ज' आणि 'ता' यांच्यात किती जागा सोडायची, काही सुचत नाही. का? कारण त्यांनी कुणाची नक्कल केलेली नसते. कित्ता गिरवलेला नसतो.

नक्कल म्हटलं की आज लोक नाक मुरडतात. पण या बाबतीत आपल्याकडचं सगळ्यात ठळक उदाहरण कुणाचं आहे? कुमार गंधर्वांचं. बेळगावजवळच्या सुळेभावीचा शिवपुत्र कोमकळीमठ हा मुलगा लोकांना पहिल्यांदा माहीत झाला तो नकलेमुळे. मोठमोठ्या गवयांच्या ध्वनिमुद्रिका तो जशाच्या तशा गायचा. तान, ठेहराव, आवाजाचा लगाव, सगळं हुबेहूब. अकरा-बारा वर्षांचा असताना तो मुंबईत प्रो. बी. आर. देवधरांच्या शाळेत आला. ज्या माणसाला पुढे लोकांनी घराणी मोडणारा म्हटलं, त्याचं बालपण दुसऱ्यांची गाणी हुबेहूब उतरवण्यात गेलं! हा विरोधाभास आहे, असं लिहिणारे पुष्कळ आहेत. मला तो विरोधाभास वाटत नाही. ज्याने इतक्या गळ्यांत शिरून पाहिलं, त्यालाच कळणार की यातला कुठला गळा आपला नाही.

पुढची गोष्ट आपल्याला माहीत आहे. क्षयरोग झाला, १९४८ साली ते देवासला आले, गाणं बंद झालं, काही वर्षं अंथरुणात गेली. बाहेरून माळव्याच्या बायकांची लोकगीतं कानावर पडत होती. पुन्हा गायला लागले तेव्हा एक फुफ्फुस निकामी झालेलं होतं. मघाशी जो दम म्हटला, तो आता तेवढा नव्हता. लांब आकृती शक्य नव्हती. मग छोट्या छोट्या स्वरवाक्यांची, मध्येच झेप घेणारी, मध्येच सोडून देणारी ती गायकी आली. ती केवळ फुफ्फुसातून आली असं म्हणणं अन्यायाचं होईल. फुफ्फुस गेलेली माणसं पुष्कळ होती, कुमार गंधर्व एकच झाले. अंथरुणावर पडल्या पडल्या ऐकलेल्या धुनांमधून त्यांना राग उगवताना दिसले, ते धुनउगम राग १९६५ च्या 'अनूपरागविलास'मध्ये आहेत. म्हणजे गळा बंद होता तेव्हाही काहीतरी घडतच होतं. काय घडत होतं? गाणं बंद असताना गवई घडतो, याचा अर्थ काय लावायचा?

याच्या जोडीला त्यांचा 'मला उमजलेले बालगंधर्व' हा कार्यक्रम ठेवा. बालगंधर्वांची पदं, पण बालगंधर्वांची नक्कल नाही. लहानपणी ज्याला कुणाचाही गळा उचलता येत होता, त्याने मोठेपणी बालगंधर्वांचा गळा मुद्दाम बाजूला ठेवला आणि त्या गळ्यामागचा विचार गायला घेतला. कार्यक्रमाचं नाव ऐकूनच त्या वेळी काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील, उमजलेले म्हणजे काय, बालगंधर्व काय कोडं आहे? मला विचाराल तर एका गायकाने दुसऱ्या गायकाबद्दल याहून प्रामाणिक काही म्हणता येत नाही.

दुसरं उदाहरण कोल्हापूरचं, आपल्या शेजारचं. अल्लादिया खाँसाहेब तरुणपणी आमलेट्याच्या दरबारी होते, तिथे गाऊन गाऊन त्यांचा आवाज बसला तो पूर्वीसारखा परत आला नाही. पहिल्या आवाजात जे सहज जमत होतं ते दुसऱ्या आवाजात जमेना. मग त्यांनी त्या आवाजाला झेपेल अशी वळणं शोधली. तान सरळ न धावता तिरकी, पेचदार जायला लागली. आज आपण जी जयपूर-अत्रौली गायकी म्हणतो, तिचं रूप असं ठरलं. आता पुढचं पाहा. ही गायकी कुणी शिकली? गोव्याच्या केरीच्या केसरबाई केरकरांनी, कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकरांनी. केसरबाईंचा आवाज कसा? तिन्ही सप्तकांत भरलेला, धारदार, कुठेही न मोडलेला. म्हणजे एका मोडलेल्या आवाजाने आपल्या गरजेपोटी जी वाट काढली, त्या वाटेने धडधाकट आवाज चालले, आणि ती वाट अडचणीची होती याचा मागमूसही उरला नाही.

मघाची मोडी आठवा. मोडीचं वळण घाईतून आलं. आज दफ्तर नाही, स्वार नाही, घाई नाही. १९८० च्या दशकात अच्युत पालवांनी जे. जे. मधलं शिक्षण संपवून मोडीचा अभ्यास केला आणि पुढे त्यांच्या मुक्तलिपीत ती गोलाई, तो न तुटणारा झोत आला. कारकुनाची निकड संपली होती. तिने घडवलेला आकार शिल्लक होता, आणि तो आता एका सुलेखनकाराच्या हातात मोकळेपणाने फिरत होता. २०२५ साली त्यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा मला वाटलं, यातला एक धागा पेशवे दफ्तरातल्या त्या निनावी कारकुनांकडेही जातो. कमल शेडग्यांचं काम याच्या उलट वाटेचं. नाटकाचं नाव त्या नाटकाच्या स्वभावाचं दिसलं पाहिजे, म्हणून प्रत्येक नाटकाला नवं अक्षर. पण त्या प्रत्येक नव्या अक्षरात 'क' हा 'क'च राहायचा. वर्तमानपत्राच्या जाहिरातीत एवढ्याशा जागेत ते नाव लांबून वाचता यायचं. ही शिस्त साध्या वाक्यातून येते, 'श्री'तून येत नाही.

इथे कुणी उठून म्हणेल, आणि म्हणायलाच हवं, की साहेब, गिरवा, नक्कल करा, गुरूपुढे बसा, हे ठीक. पण गिरवायला कित्ता कुणाला मिळत होता? समर्थांचा तो समास ब्राह्मणांना उद्देशूनच सुरू होतो. अक्षर ही ठराविक जातींच्या घरची वस्तू होती. गाणं गवयांच्या घरात कुलूपबंद होतं. मोगूबाईंचं उदाहरण घ्या. शेजारच्या सांगलीत त्या राहत होत्या, अल्लादिया खाँसाहेब औषधोपचारासाठी तिथे आले, मोगूबाईंची मेहनत चालली होती ती त्यांच्या कानावर पडली आणि शिक्षण सुरू झालं. किती हा योगायोगाचा खेळ! मग ते शिक्षण मध्येच तुटलं आणि पुन्हा जुळायला वर्षं गेली. जे तुटले आणि पुन्हा जुळलेच नाहीत, त्यांची नावं आपल्याकडे नाहीत. गुरुकुलाचे पोवाडे गाताना ही यादी रिकामी का आहे, हे विचारावं.

म्हणून पलुसकरांकडे आणि भातखंड्यांकडे मी आदराने पाहतो. कुरुंदवाडच्या एका मुलाचे डोळे फटाक्याने अधू होतात, तो उपचारासाठी मिरजेत येतो आणि गाण्याकडे वळतो. पुढे १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढतो, स्वरलेखनाची पद्धत बसवतो, पुस्तकं छापतो. डोळे अधू असलेल्या माणसाने गाणं कागदावर आणलं, ज्याला फी भरता येईल त्याच्यापुढे ठेवलं! भातखंड्यांनी घराण्याघराण्यांतून चिजा गोळा करून क्रमिक पुस्तकांत घातल्या. घराणेदार मंडळी रागावली. रागावू देत. निर्णयसागरच्या जावजी दादाजींनी १८६४ च्या सुमारास अक्षरं ओतायला घेतली, राणोजी आरूंसारख्या कारागिराने खिळ्यांचे साचे कोरले आणि पोथी सामान्य माणसाच्या हातात आली, तेव्हाही लहिये रागावले असणारच. या भांडणात मी छापखान्याच्या बाजूचा आहे.

पण बाजू घेतली म्हणजे डोळे मिटायचे नसतात. स्वरलेखनात मींड दाखवायला वर एक कमान काढतात. कमान कुठून कुठे हे कळतं. त्या प्रवासात गंधारावर किती रेंगाळायचं, हे त्या कमानीत नाही. मोगूबाईंच्या कन्या किशोरीताई आमोणकर सांगत, की आई स्थायी-अंतरा दोनदा म्हणून दाखवायच्या, तिसऱ्यांदा नाही. हे क्रूर वाटतं ना? मलाही वाटतं. पण दोनदाच मिळणार हे ठाऊक असलेला कान कसा ऐकत असेल! आज भ्रमणध्वनीवर तीच बंदिश हवी तितक्या वेळा ऐकता येते. चांगलंच आहे. फक्त शंभराव्या वेळी ऐकताना आपण पहिल्या वेळेइतके जागे असतो का?

अक्षराच्या बाबतीत तर यंत्राने समर्थांची ती कडक अपेक्षा पुरी करून टाकली आहे. पहिलं अक्षर जसं, तसंच शेवटचं, लाखो पानांपर्यंत. कोल्हापूरचे र. कृ. जोशी हे कवी, सुलेखनकार, पवईच्या आयआयटीत शिकवणारे गुरुजी. त्यांनी केलेला 'मंगल' फॉन्ट विंडोजबरोबर घरोघरच्या संगणकांत गेला. आपल्यापैकी कित्येकांनी अर्ज, पत्रं, लग्नपत्रिकांचे मसुदे त्यात लिहिले असतील आणि अक्षर कुणाचं आहे हे मनातही आलं नसेल. जोशी बोरूचे माणूस होते. हाताच्या अक्षरात शेजारी कोण आहे ते पाहून 'क' थोडा सरकून बसतो, आणि फॉन्टमधला 'क' कुणासाठीही सरकत नाही, हे त्यांना आपल्याहून जास्त कळत होतं. तरी त्यांनी ते काम केलं. यंत्राचा दम कधी संपत नाही. इलेक्ट्रॉनिक तंबोरा उतरत नाही. मग पानभर एकसारखी अक्षरं काढायला मी आजही मुलांना का बसवतो?

माझ्याकडे एक मुलगी येते, बँकेत नोकरी करते, रविवारी शिकते. तिला मी पानभर एकच मजकूर, एकाच मापाने उतरवायला दिला होता. बरेच रविवार हेच चाललं होतं, आणि मी दर वेळी तांबडी पेन्सिल घेऊन खुणा करत असे: इथे दंड कलला, इथे पोट सुटलं. एका रविवारी तिने पान पुढे ठेवलं. पान चांगलं होतं. मला त्यात काही सापडेना, आणि न सापडल्याचा आनंद मी मनात घेत होतो, तेवढ्यात तीच म्हणाली, "सर, सातव्या ओळीपासून 'ळ' आत वळायला लागलाय. मला लिहिताना कळत होतं, पण तोवर शाई घेतलेली होती." मी पुन्हा पाहिलं. आत वळला होता. केसभर. मी तांबडी पेन्सिल तिच्याकडे दिली आणि पुढच्या मुलाची वही ओढली.

तिचा हात आजही फार वळणदार नाही. वर्गात तिच्याहून सफाईने लिहिणारी मुलं आहेत. पण त्या 'ळ'बद्दल तिला मी सांगितलेलं नव्हतं, आणि या व्याख्यानाच्या सुरुवातीला जो प्रश्न टाकला, त्याचं माझ्याजवळचं उत्तर एवढंच आहे. ते कुणाला पटलं नसेल तर प्रश्न जरूर विचारावेत, वेळ आहे.